आज सत्तेचाळीस

"हे एकोणीस वर्षं असणार. बरोबर ना?" तपासनीस बाईंनी अर्जाच्या तिसऱ्या पानावर बोट ठेवलं.

"दिवस," टाचणी म्हणाला.

"कसले दिवस?"

"एकोणीस दिवस. अर्ज भरला तेव्हाचे. आज सत्तेचाळीस झालेत."

बाईंनी लॅपटॉपवरचे हात काढून मांडीवर घेतले आणि टेबलापलीकडच्या डॉक्टरबाईंकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

टाचणी हा या व्यसनमुक्ती केंद्राचा कारकून. वय चोपन्न, अंगानं किडकिडीत, आणि शर्टाच्या कॉलरखाली कायम चार-पाच टाचण्या खोचलेल्या, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी तो इथे पेशंट म्हणून आला, तोही स्वतःच्या पायांनी नव्हे. भावानं आणि शेजाऱ्यानं दोन्ही बगलांत धरून आणला होता. बरा झाल्यावर घरी वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं आणि इथल्या कागदांची दैना त्याला बघवेना, म्हणून एक दिवस तो कपाट आवरायला बसला तो बसलाच.

केंद्राला आता एका बड्या धर्मादाय संस्थेकडून अनुदान हवं होतं. हवं होतं म्हणजे त्यावाचून गाडं अडलं होतं. हीच संस्था पूर्वी वीस खाटांचा खर्च द्यायची. गेल्या वर्षी तिच्या असं लक्षात आलं, की या केंद्रात बरे होऊन गेलेले पेशंट पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण जास्त आहे. आता ज्या घराचं दार घसरलेल्या माणसाला पुन्हा उघडं असतं, तिथे माणसं पुन्हा येणारच. ज्या केंद्रात त्यांना हाकलून देतात तिथे आकडा शून्य येतो, आणि शून्य कागदावर फार देखणं दिसतं. पण हे सांगायचं कोणाला? अनुदान थांबलं, आठ खाटांच्या गाद्या गुंडाळून माडीवर गेल्या, आणि त्या खोलीला कुलूप लागलं. त्या आठ खाटा परत उघडाव्यात म्हणून हा अर्ज होता आणि त्याच अर्जाची शहानिशा करायला या बाई आल्या होत्या.

बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. तरुण होत्या, आल्या आल्या पेशंटांना उभ्यानं नमस्कार केला, आचाऱ्याच्या हातचा चहा घेतला आणि टाचणीला 'सर' म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्याला सर कोणी म्हटलं नव्हतं. तो थोडा लाजलाही होता.

"पण मॅडम, तुमच्याकडच्या पत्रात तर लिहिलंय, की हे अकरा वर्षं इथे काम करतात. निर्व्यसनी आहेत, पेशंटना समजावतात," बाई म्हणाल्या. "मग हे एकोणीस दिवस कुठून आले?"

"आमच्याकडे मोजायची पद्धत तशी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पद्धत साधी होती. रोज सकाळी सातला मोठ्या खोलीत सगळे गोल उभे राहायचे. पेशंट, आचारी, वॉचमन, कारकून, कोणाला सूट नाही. प्रत्येकानं आपला दिवस सांगायचा. कोणी चौथा, कोणी एकशे दहावा. डॉक्टरबाई त्यांच्या सिगारेटचा सांगायच्या, तो पाच हजारांच्या वर गेला होता. आणि मध्ये कोणी घसरला, मग तो दहा दिवसांनी घसरो की दहा वर्षांनी, तर त्यानं दुसऱ्या दिवशी उभं राहून 'एक' म्हणायचं. त्यावर कोणी हसायचं नाही, कोणी हळहळायचं नाही. सगळ्यांनी एवढंच म्हणायचं, "या." दारुड्याची दारू सुटते त्याच्या आधी त्याचं खोटं सुटावं लागतं, एवढाच त्यामागचा विचार.

त्यामुळे अर्जात 'कर्मचाऱ्याचा व्यसनमुक्त कालावधी' असा रकाना आला तेव्हा टाचणीनं त्या सकाळी जे सांगितलं होतं ते लिहिलं. एकोणीस. स्वतःचं वय लिहावं इतक्या सहज. डॉक्टरबाईंनी त्याच पानावर सही केली आणि त्यांनाही काही खटकलं नाही. खटकणार कसं? त्या सकाळी त्या त्याच गोलात उभ्या होत्या. बाहेरच्या माणसानं हा आकडा वाचला तर त्याला काय वाटेल, हे त्या घरात कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

"आमचा नियम आहे," बाई जरा संकोचून म्हणाल्या. "पूर्वी व्यसन असलेला कर्मचारी असेल तर सलग दोन वर्षं झालेली हवीत. नाहीतर अख्खा अर्ज बाद होतो. देणगीदारांच्या दृष्टीनं तो धोका असतो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "बघा, हे मी तुमच्या भल्यासाठी सांगते. लिहिण्यात चूक झाली, असं समजू. सर अकरा वर्षं नीट होते ना? मग खोडून अकरा वर्षं करा, बाजूला सही करा. 'माझ्यासमोर दुरुस्ती केली' असं मी लिहीन. पुढे कोणी विचारणार नाही."

दारात कपांचा ट्रे घेऊन ड्रायव्हर उभा होता. हा पूर्वी ट्रक चालवायचा, आता इथला एकसष्ट दिवसांचा पेशंट. त्याला गप्प राहणं ठाऊक नव्हतं.

"लिहा ना काका," तो म्हणाला. "काय बिघडतं? मी घरी रोज याच्यापेक्षा मोठ्या थापा मारायचो."

"आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे," टाचणी म्हणाला. "उद्या सकाळी तुझ्यासमोर उभा राहून मी काय सांगू? अठ्ठेचाळीस, का अकरा वर्षं?"

ड्रायव्हर ट्रे ठेवायचा विसरून तसाच उभा राहिला.

"सर, एक विचारू?" बाई म्हणाल्या. "अकरा वर्षांनी असं झालं तरी कसं?"

टाचणीनं डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. मग त्यानं सांगितलं. हातचं राखून सांगायची त्याची सवय मोडली होती.

एक रंगारी होता. घरांना, गेटांना रंग लावणारा. दोनदा इथे राहून गेलेला, दोनदा घसरलेला. तिसऱ्यांदा तो आपण होऊन आला, पहाटेपासून काही न पिता, हात लटलटत होते. बाराच्या बारा खाटा भरलेल्या. जमिनीवर गादी टाकावी तर तेही नियमात बसत नाही. मागे एकदा टाकली होती तेव्हा तपासणीत त्याचाच शेरा पडला होता. कारकून म्हणून दारात जाऊन नाही म्हणायचं काम टाचणीचं. तो म्हणाला, "सोमवारी एक जण घरी जातोय. सोमवारी ये, सकाळीच ये, मी खाट धरून ठेवतो." डॉक्टरबाईंनी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली, ती रंगाऱ्यानं खिशात घातली. तो चार तास फाटकाशी बसून राहिला, की चुकून कोणी मध्येच निघून गेलं तर. मग उठला, "येतो सोमवारी" म्हणाला आणि गेला. रविवारी तो वारल्याचा फोन आला. चिठ्ठी खिशातच होती.

"मी त्याला पोचवायला गेलो होतो," टाचणी म्हणाला. "त्याच्या बायकोनं मला ओळखलं. म्हणाली, तुम्हीच ना ते, खाट देणारे? परत येताना वाटेत दुकान होतं. एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी 'एक' म्हणालो."

"फार वाईट झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"माडीवर आठ गाद्या गुंडाळून पडल्या होत्या तेव्हा," डॉक्टरबाई पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलल्या. "गुंडाळायला आम्हाला हौस आली नव्हती. तुमच्या संस्थेनं खाटा बंद केल्या, खाट नव्हती म्हणून तो माणूस गेला, त्या धक्क्यानं हे घसरले, आणि आता हे घसरले म्हणून तुम्ही खाटा देणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आम्ही नुसतं ऐकून होतो."

"मॅडम, तो निर्णय माझा नव्हता."

"कोणाचाच नसतो. तीच तर तक्रार आहे."

बाईंचे डोळे भरून आले. टाचणीला त्याचंच वाईट वाटलं. समोरच्या पोरीला रडवून माडीवरचं कुलूप उघडणार नव्हतं. राग काढायचा तो ज्यांच्यावर, ते कुठल्या तरी दूरच्या इमारतीत बसून शून्यं मोजत होते. त्यांना रंगारी माहीत नव्हता आणि कधी होणारही नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "कर्मचाऱ्यांच्या यादीतून माझं नावच काढलं तर?"

"तर मग नियमाचा प्रश्नच उरत नाही," तपासनीस बाई लगेच म्हणाल्या आणि म्हटल्यावर गोऱ्यामोऱ्या झाल्या.

"काही काढायचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी दुसरीकडे अर्ज करीन."

"गेलं वर्षभर तेच करताय. अकरा ठिकाणचे नकार मीच फाइलला लावलेत." टाचणीनं अर्ज स्वतःकडे ओढला. "आठ खाटा आहेत, बाई. सोमवारी ये म्हणायची पाळी परत माझ्यावर आणू नका. दुसऱ्या कोणावरही आणू नका."

त्यानं तिसऱ्या पानावर आपल्या नावावर एक रेघ मारली. रेघ सरळ यावी म्हणून पट्टी घेतली. शेजारी सही केली.

तपासनीस बाईंनी बराच वेळ लॅपटॉपमध्ये काही शोधलं. मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांना खरोखरच वाट सापडली होती. "सर, तुम्हाला इथून जायची गरज नाही. लाभार्थी म्हणून तुम्ही राहू शकता! पेशंटसाठी दिवसांची अट नाहीये. तुम्हाला खाट मिळेल, जेवण मिळेल. पाहिजे तर कागदपत्रांना मदत करा, ती काम करण्यातून उपचार या सदरात बसते. पगार तेवढा देता येणार नाही."

"म्हणजे काम तेच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"हो, पण सदर वेगळं." बाई आता पाचव्या पानावर आल्या होत्या. "आणि लाभार्थी म्हणून सत्तेचाळीस दिवस ही फार मोठी गोष्ट आहे, सर. आम्हाला वार्षिक अहवालासाठी अशी एक यशोगाथा हवीच असते. एक फोटो घेऊ का? खिडकीपाशी उजेड चांगला आहे."

डॉक्टरबाईंनी चष्मा टेबलावर ठेवला. "तिसऱ्या पानावर हा माणूस धोका आहे," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि पाचव्या पानावर यशोगाथा?"

"निकष वेगळे आहेत, मॅडम."

ड्रायव्हर दारातून हसला, पण ते हसू ऐकवत नव्हतं. मग त्यानं ट्रे खाली ठेवला आणि निघून गेला.

"फोटो नको," टाचणी म्हणाला. "रंगाऱ्याच्या बायकोच्या हाती तो अहवाल पडला तर बरं दिसणार नाही."

बाईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला. निघताना त्यांनी पुन्हा सगळ्यांना नमस्कार केला आणि अर्ज नक्की मंजूर होईल असं सांगितलं. तो झालाही. त्यांचा शब्द खोटा नव्हता.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला माडीवरचं कुलूप निघालं. गाद्या दिवसभर गच्चीवर उन्हात पडल्या, पेशंटांनीच त्या काठीनं झोडपल्या. टाचणीनं कपाटाच्या, फाटकाच्या आणि औषधांच्या खोलीच्या किल्ल्या एकेक करून डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवल्या. पेशंटजवळ किल्ल्या असून चालत नाही, हा नियम त्यानंच टाइप केलेला होता. उद्यापासून त्या वॉचमनच्या पुतण्याकडे जाणार होत्या. पुतण्या दारूच्या वाटेला कधी गेला नव्हता आणि त्याचं अक्षर भयंकर होतं.

दिवसभरात सात जण दाखल झाले. सहा घरच्यांनी आणलेले होते, एक आपण होऊन आलेला. टाचणीनं प्रत्येकाला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि फॉर्म भरताना ज्याचा हात थरथरत होता त्याचा कागद दाबून धरला. कोणालाही सोमवारी ये म्हणावं लागलं नाही. तेवढ्यापुरतं त्याला फार बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याचाच मग रागही आला.

संध्याकाळी त्यानं आठवा फॉर्म काढला. नाव घातलं, खरं. वय चोपन्न. आणणाऱ्या नातेवाइकाच्या रकान्यात आडवी रेघ ओढली. वर प्रवेश घेणाऱ्याची सही केली. त्याखाली प्रवेश देणाऱ्याची जागा होती.

डॉक्टरबाई मागे येऊन कधी उभ्या राहिल्या ते त्याला कळलं नाही. "द्या इकडे," त्या म्हणाल्या. "खालची मी करते."

"सहापर्यंत मी कारकून आहे, बाई."

त्यानं खालीही सही केली, आणि वेळेच्या रकान्यात पावणेसहा लिहिलं.