पाटकरणीची मुदत

ऐक ना, मधे बोलू नकोस, नाहीतर विसरेन मी!

कालव्यातला गाळ काढायला ते यंत्र आलं होतं ना, त्याच्या दातात काय अडकलं? कालव्याचं जुनं लोखंडी दार! चिखलानं माखलेलं, पण कुलूप तसंच लावलेलं. बिजागरी मात्र गंजून पार भुगा.

आपला पाटकरी सांभाळायचा बघ ते दार. पाणी सोडायचं, बंद करायचं, सगळं त्याच्याकडे. किती वर्षं झाली, एका रात्रीत ते दार वाहून गेलं, अर्ध्या गावाची उभी पिकं गेली, आणि पाण्यात तोही गेला. पाटबंधारे खातं म्हणालं, पिऊन दार उघडं टाकलं असणार. गावानं तेच धरलं. एकटी त्याची बायको, पाटकरीण, भांडत राहिली. विहिरीवर, गिरणीत, भेटेल त्याला, "माझ्या माणसानं कुलूप काढलं नव्हतं!" लोक पाठ फिरवायचे.

दार कुणी उघडलं नव्हतं, गंजक्या बिजागरीतून तुटलं, याचा हा पुरावाच की! तर ते कुलूप पिशवीत घालून, दिराला घेऊन ती गेली वकिलाकडे.

"मुदत संपली हो," वकील म्हणाला. "सरकारवरच्या दाव्याची मुदत दार गेलं त्या दिवसापासून धरतात."

"पण कुलूप तर काल मिळालं!"

"तेवढीच एक वाट आहे. खात्याची चूक कालच कळली, तोवर शंकासुद्धा नव्हती, असं शपथेवर सांगा. मग मुदत कालपासून."

"शंका नव्हती म्हणजे?"

वकिलानं चष्मा पुसला. "म्हणजे तुम्हीही मानत होतात, चूक तुमच्या नवऱ्याचीच."

दीर घाईघाईनं म्हणाला, "वहिनी, सांगून टाका. बोलायला काय जातंय? छप्पर गळतंय, पोरगी दुसऱ्याच्या शेतात राबतेय. दादा थोडाच ऐकायला येणारे?"

"भाऊजी, सगळं गाव म्हणायचं. मी तेवढी म्हणत नव्हते. आता मीपण म्हणू?"

"कोर्टात हो! गावात कुठं?"

"कोर्टात समोर गावच बसणार ना?"

तिनं पिशवीतलं कुलूप चाचपलं. मग म्हणाली, "दमले हो मी." दिराला वाटलं, झालं काम.

"लिहा," ती म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

वकिलानं पेनाला टोपण लावलं, दावा तिथंच संपला. आणि सकाळी पोरगी पुन्हा खुरपं घेऊन दुसऱ्याच्या बांधावर.

मी कालपासून विचार करतोय रे. तू सांग, तिच्या जागी तू असतास तर काय लिहून दिलं असतंस?