चढावरचे पाच बाक

नगरपालिकेचं पत्र बाबांच्या नावाने आलं, तेव्हा त्यांना जाऊन सात महिने झाले होते. ‘दवाखान्याच्या चढावर पाच बाक बसवण्याची आपली सूचना मान्य झाली आहे.’ आईने ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढत म्हणाली, “माझं कधी ऐकलं नाही यांनी, पण त्यांचं ऐकणारं कुणीतरी निघालं बघ.”

साथीनंतर केंद्राने सगळ्या शहरांना मदतनिधी दिला होता. आमच्या नगरपालिकेने त्यातून आधी चौकाचौकांत हात धुवायची बेसिनं बसवली. त्यांत आता कबुतरं अंघोळ करतात. मग शहाणपण सुचून नागरिकांकडून सूचना मागवल्या. बाबा शिंपी होते. आजारातून उठले, पण छाती पूर्वीसारखी राहिली नाही, आणि तपासणीला दर आठवड्याला हा चढ चढावा लागे. त्यांनी अर्जात पाच बाक मागितले, आणि पायथ्यापासून कोणता किती अंतरावर हवा तेही लिहिलं.

काम सुरू व्हायच्या सकाळी आम्ही दोघी बघायला गेलो. रस्त्याच्या कडेला लाल रंगाच्या पाच फुल्या होत्या, पण पाचही खालच्या टप्प्यात, एकमेकींना खेटून. शेवटची थेट सलूनच्या दारात. वरचा अर्ध्याहून जास्त चढ मोकळाच.

“हे काय? लोकांनी चढायचं की खालीच सभा भरवायची?” आई म्हणाली.

“असू द्या हो वहिनी,” सलूनवाला दारातून हसला. “माझी गिऱ्हाइकं बसतील.”

“तुमच्या गिऱ्हाइकांना दम नाही लागत, झोप लागते.”

नगरपालिकेचा इंजिनिअर हातात फाइल घेऊन उभा होता. “काकू, अर्जात आहे तेच केलंय. हे बघा.”

मी बघितलं. बाबांचं अक्षर. १३८०, २६२०, ३६९०, ४५८०, ५३२०. आकड्यांपुढे काहीच नव्हतं.

“हे सेंटीमीटर कुणी ठरवलं?” मी विचारलं.

“आमच्या खात्यात सगळं सेंटीमीटरमध्येच असतं.”

“आणि शिंप्याचं सगळं इंचात असतं,” आई म्हणाली. “टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. साठ इंची टेप. अठ्ठ्याऐंशी वेळा वाकले मी, साहेब. माझ्या कमरेला विचारा.”

इंजिनिअर हसला, पण फुल्या हलवायला तयार होईना. दोन वाजता काँक्रीटची गाडी येणार होती. महिनाअखेर काम उभं दिसलं नाही तर निधी परत जाणार होता. “तोंडी सांगण्यावरून बदल केला तर तपासणीत माझी मान अडकेल, ताई. काहीतरी लेखी द्या.”

बाबांचं दुकान चढाच्या पायथ्याशीच आहे. सात महिन्यांत मी ते उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. मला फक्त मापांची वही हवी होती, म्हणून मी वहीकडेच बघितलं, मशीनकडे नाही. फळीवर बारा-पंधरा वह्या होत्या. मधली एक उचलली आणि कुलूप लावलं.

बाबा वहीत गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नसत. नावावरून माणूस डोळ्यांसमोर येत नाही, असं त्यांचं म्हणणं. चढावर परत येऊन मी इंजिनिअरला मोठ्याने वाचून दाखवू लागले. “‘खांदा उतरलेले मास्तर. छाती ३८.’ ‘लठ्ठ जुळ्यांपैकी हसरा. कंबर ४४.’ बघा, पुढे इंच लिहिलेलं नाही. कुठेच नाही.”

“हो, पण…” म्हणत तो वहीत डोकावला. मग त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. ‘पाणीखात्यातला उंच मुलगा. लग्नाचा सूट. फार घाई. कंबर ३०.’

“हा मी आहे,” तो म्हणाला.

आईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तूच होय रे तो! दिवसातून चार वेळा यायचास, झाला का सूट, झाला का सूट. आता सांग, तीस सेंटीमीटर कंबर होती तुझी?”

“तीस इंच तरी कुठे राहिली!” सलूनवाला म्हणाला. फावडी घेऊन उभे असलेले मजूर मनसोक्त हसले. इंजिनिअरही हसला, आणि मोबाइल काढून त्याने वहीच्या पानाचा फोटो घेतला.

“हे चालेल. हे लेखी आहे.”

मग त्याची लांब टेप घेऊन आम्ही पायथ्यापासून निघालो. पस्तीस मीटरवर पहिली फुली, साडेसहासष्टवर दुसरी. प्रत्येक पुढचं अंतर आधीच्यापेक्षा कमी होत होतं. कागदावर माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. चालताना आलं. चौथ्या खुणेपाशी इंजिनिअर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“काकांनी बरोबर जागा धरलीय,” तो धापा टाकत म्हणाला.

“उगाच नाही शिवायचे ते,” आई म्हणाली. तीही कठड्याला टेकली होती.

पाचवं माप मात्र बरोबर विजेच्या खांबावर आलं. “हा एक फूटभर खाली घ्यावा लागेल,” असं म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं. आईकडे नाही, माझ्याकडे. मी वही छातीशी धरून उभी होते. एक फूट म्हणजे बारा इंच. ५३२० हा बाबांनी लिहिलेला शेवटचा आकडा होता.

“त्यांनी शिवलेल्या कुठल्याही पँटला आत कापड सोडलेलं असायचं,” आई हळूच म्हणाली. “माणूस आहे तसा राहत नाही म्हणून.”

“घ्या खाली,” मी म्हटलं.

रंगाचा डबा चौथ्या खुणेपाशीच राहिला होता. वहीच्या पुठ्ठ्यात कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूची झिजलेली चपटी वडी होती. पाचवी फुली मी तिने काढली.

खालून सलूनवाल्याची हाक आली. “अहो, माझ्या दारातली फुली तरी पुसा!”

“राहू दे ती!” आई वरून ओरडली. “गिऱ्हाइकाला उभं राहायला होईल!”