डोक्यावरचा हात

छबू फणी आणि तांबडी रिबीन घेऊन दारात उभी राहिली, तसा रंभाजीनं खुंटीवरचा सदरा ओढला आणि म्हणाला, "आज उशीर झालाय गं. शेजारच्या मुक्ताबाईकडनं घालून घे वेनी."

"काल बी उशीरच झाल्ता," छबू म्हणाली. "परवा बी."

पोर सात वर्षांची, पण तिच्यापुढं बापाची थाप चालायची नाही. रंभाजी तिच्याकडं न बघताच चपला अडकवून बाहेर पडला.

भिंगारच्या त्या बौद्धवस्तीत पोरीची वेणी बाप घालतो, याचं आधी केवढं नवल झालं होतं! पण त्याची बायको चांगुणाबाई उजाडायच्या आत लष्करी डेअरीवर गवत कापायला जायची आणि त्याचं मेसमधलं काम नऊला सुरू व्हायचं, म्हणून वेणी त्याच्या वाट्याला आली. नळावरच्या बायका हसून हसून थकल्या आणि मग गप बसल्या, कारण वेणी झकास व्हायची. मधोमध भांग, दोन्हीकडं सारखे पेड, खाली रिबिनीचं फूल. असा हा माणूस रविवारपासून पोरीच्या डोक्याला हात लावत नव्हता, आणि आज बुधवार होता.

त्याला कारणही तसंच होतं.

रंभाजी लष्करातल्या साहेबांच्या एका मेसमध्ये मसालची. मसालची म्हणजे मसाला वाटणारा नव्हे बरं का. साहेबलोकांची ताटं आणि पेले घासणारा. आणि खरी गोम तिथंच होती. दुसऱ्या माणसाला दारूसाठी निदान गुत्त्यापर्यंत पाय तुडवावे लागतात. याच्याकडं ती ट्रेमध्ये बसून यायची. कुणी अर्धा पेला सोडलेला, कुणी दोन घोट. मोरीत ओतायचं ते तोंडात ओतलं तर कुणाचं काय गेलं, असं म्हणत म्हणत पाच-सहा वर्षांत गडी असा झाला की उरलंसुरलं पुरेना, आणि गुत्त्याची वाटही पायाखालची झाली.

गेल्या आषाढात तो छबूला बाजारात घेऊन गेला आणि पिऊन एकटाच घरी आला. पोर दिवेलागणीपर्यंत बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून होती. चांगुणाबाईनं तिला हुडकून आणलं, नवऱ्यापुढं उभं केलं आणि म्हणाली, "ठिवा हात हिच्या डोक्यावर. घ्या शपथ. परत प्यालात तर हिचं..." पुढचं तिलाही बोलवेना. रंभाजीनं हात ठेवला. छबूला तो खेळच वाटला. ती हसत होती.

आणि शपथ लागू पडली की! साडेसात महिने पठ्ठ्यानं थेंब घेतला नाही. गालफडं भरली, डोळ्यांतली लाली गेली, वेणी घालताना थरथरणारी बोटं स्थिर झाली. चांगुणाबाई चुलीपाशी बसून परत गुणगुणायला लागली. वस्तीत लोक त्याचं नाव घ्यायला लागले.

मग सरहद्दीवरची लढाई संपली. पलटणी परतल्या आणि मेसमध्ये मेजवान्या झडायला लागल्या. त्या रविवारी दुपारी साठ-सत्तर पेले एकदम मोरीवर आले. रंभाजीनं सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं. त्यात एक पेला फुटला आणि मेसच्या हवालदारानं सगळ्यांदेखत त्याच्या आईबापाचा उद्धार केला. रंभाजी मान खाली घालून मोरीकडं वळला. हातात आला त्या पेल्यात दोन बोटं रम होती. धुवायला उचललेला पेला ओठाला कधी लागला ते आपल्याला कळलंच नाही, असं तो नंतर स्वतःला सांगत राहिला. खरं तर चांगलं कळलं होतं.

घोट उतरला आणि पाठोपाठ आठवलं, आपण हात कुणाच्या डोक्यावर ठेवला होता. एखादा तिथंच थांबला असता. पण रंभाजीचं डोकं उलटं चाललं: मोडायचं ते मोडलं, आता एक पेला काय आन् दहा काय. सोमवारी प्याला, मंगळवारी प्याला. तोंडात बडीशेप धरून घरी यायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा. आणि छबूच्या डोक्याला तेवढा हात लावायचा नाही. त्याच्या मनानं घेतलं होतं, की हा हात आता तिथं पडला तर पोरीला बाधेल.

गुरुवारी छबूला ताप भरला. रविवारी अंगावर पुरळ उठलं.

आता सांगा, त्या बापाची काय गत झाली असेल! पोर तापली म्हणून तो भ्याला, आणि भ्याला म्हणून प्याला. बायकोला सांगावं तर कुठल्या तोंडानं? 'मी प्यालो' म्हणायचं म्हणजे 'पोरीला मीच मारतोय' म्हणायचं. पोरीच्या अंथरुणापासून चार हात लांब बसून तो तिचा श्वास ऐकायचा. जीव तिळतिळ तुटायचा त्याचा.

मंगळवारी पौर्णिमा होती. भिंगारच्या पेठेत होळ्या रचल्या होत्या आणि वस्तीतली माणसं ऊन उतरायच्या सुमाराला विहारात वंदनेला निघाली होती. विहार म्हणजे पत्र्याची एक खोलीच. चांगुणाबाई म्हणाली, "मी पोरीपाशी बसते, तुमी तरी जाऊन या." तो नाही म्हणू शकला नाही.

वंदना सांगायची भागिरथीआत्या. साठीची म्हातारी, बाजारात भाजीची टोपली घेऊन बसायची. भाव करणाऱ्याला तिच्या तोंडाची धास्ती असायची. ती एकेक शील सांगायची आणि बाकीचे मागून म्हणायचे. पहिली चार रंभाजीनं म्हटली. पाचवं दारूपासून लांब राहायचं. ते आलं आणि त्याचे ओठ मिटले. सगळ्यांच्या आवाजात एक आवाज कमी झाला तर कुणाला कळणार? पण आत्यानं मान वर करून बरोबर त्याच्याकडं बघितलं.

बाहेर आल्यावर तिनं त्याला नळापाशी गाठलं. "काय रे रंभा, पाचवं शील मांजरानं नेलं का?"

रंभाजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"कवापासनं?"

"मागल्या ऐतवारपासनं," तो म्हणाला, आणि त्याला रडूच कोसळलं. शपथ, पेला, ताप, सगळं त्यानं भडाभडा सांगून टाकलं.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी तू प्यालास म्हनून छबूला गोवर झाला?"

"व्हय."

"आन् त्या शाळामास्तराची दोन पोरं गोवरानं पडल्याती, ती रं? मास्तर तर सुपारी बी खात न्हाई. त्यानं काय पिऊन आनला गोवर?"

रंभाजीनं डोळे पुसले. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पन आत्या, शपथ मोडली ती मोडलीच की."

"मोडली. मी कशाला झाकून बोलू? पन मला सांग, आपन दर पौर्निमेला शील का घेतो? एकदा घेतलं की जल्मभराचं झालं, असं का न्हाई?" ती आणखी चिडली. "मानूस चुकतो म्हनून परत घेत्यात, येड्या! आन् तू नेमका घ्यायच्या येळेला त्वांड मिटून बसलास."

मग ती नळाच्या ओट्यावर टेकली. आवाज थोडा खाली आला. "मी बी प्यायचे, ठावं हाय का तुला? म्हातारा हुता तवा दोघं बसून प्यायचो. चार डाव सोडली मी. पैल्या डावाला कळलं, उपाशी पोटी ऱ्हायलं की तलफ येती. दुसऱ्याला कळलं, कुनी टाकून बोललं की येती. तिसऱ्याला म्या एकटीनंच झाकून ठिवलं, तर दोन वर्सं वर डोकं निघालं न्हाई. चवथ्याला सगळ्यांस्नी सांगून सोडली, ती सुटली. ऐतवारी काय खाल्लं हुतंस तू?"

"काय न्हाई."

"आन् कुनी बोललं हुतं?"

"हवालदार."

"बघ! दोन्ही एकदम आलं. आता हे ध्यानात धर, न्हाईतर पडल्याचा उपेग काय? सकाळी भाकरी खाल्ल्याबिगर मेसात पाऊल टाकायचं न्हाई. खिशात गूळ-शेंगदाने ठिवायचे. ट्रे आला की पेल्याला हात लावायच्या आधी वरनं धुन्याच्या सोड्याचं पानी वतायचं. मग प्यावं म्हनलं तरी पिववनार न्हाई. हवालदाराला गाठ आन् पातेल्यांवर काम माग. बोलला तर बोलू दे. सुटल्यावर गुत्त्याच्या वाटंनं येऊ नगंस, माज्या टोपलीपाशी येऊन बस. तलफ काय रातभर बसत न्हाई रं. डाळ शिजती तेवढ्यात उतरती."

"साडेसात म्हैनं पान्यात गेलं, आत्या."

"कशानं गेलं? सव्वादोनशे दिस तू प्यायला न्हाईस, ते कोन काढून घेनार हाय? मोजायचंच तर वाईट दिस मोज. नऊ-धा भरत्याल." ती उठली. "सोडल्यावर हात कापत्याल, झोप यायची न्हाई. लईच झालं, काय भलतं दिसाय लागलं, तर दवाखाना गाठ. लाजून घरात बसू नगंस."

"आन् ती शपथ?"

"ती तुज्यानं सुटायची न्हाई. जिनं घातली तिनंच सुटली म्हनाय पायजे. जा, आत्ताच्या आत्ता सांग. उद्यावर टाकलंस तर उद्याला परत पिशील."

घर शंभर पावलांवर होतं. ती शंभर पावलं रंभाजीला लई जड गेली. चांगुणाबाई छबूच्या अंगावरून कडुलिंबाची डहाळी फिरवत बसली होती. तो उंबऱ्यातच उभा राहिला आणि म्हणाला, "मी प्यालो. नऊ दिस झालं, पितोय."

चांगुणाबाईनं डहाळी खाली ठेवली. "मला काय नाक न्हाई व्हय? सोमवारीच आल्ता वास. तुमी आपनहून सांगाल म्हनून वाट बघत हुते."

"मग बोलली का न्हाईस?"

"कशी बोलू?" आणि एवढा वेळ धरलेला तिचा आवाज फुटला. "पोरगी तापली आन् माझं काळीजच ठिकानावर न्हाई. तुमी प्यालात खरं, पन हिचं नाव तर मीच घेतलं हुतं ना? सोडायची तुमी, आन् वझं ठिवलं पोरीच्या डोक्यावर. आई हाय का कोन हाय मी?"

इतके दिवस आपण एकटेच जळतोय असं रंभाजीला वाटत होतं. एका खोलीत दोघंही तेच भय पोटात घेऊन, एकमेकांना न सांगता निजत होती.

चांगुणाबाईनं छबूच्या तापल्या कपाळावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "सुटली. शपथ सुटली." मग नवऱ्याकडं वळून पदरानं नाक पुसत म्हणाली, "माफ केलं असं समजू नका. लई राग आलाय मला. पन इथनं म्होरं कुनाच्या डोक्याची शपथ न्हाई. तुमची दारू तुमी सोडायची."

रंभाजी पोरीच्या अंथरुणाशी येऊन बसला. विहारात राहिलेलं पाचवं शील त्यानं तिथं एकट्यानं, घोगऱ्या आवाजात म्हटलं.

छबूचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. रंभाजीला आठवडाभर झोप लागली नाही, हात कापायचे, पण तो कामावर गेला, पेल्यांवर आधी सोड्याचं पाणी ओतलं आणि संध्याकाळी आत्याच्या टोपलीपाशी बसून मेथीच्या जुड्या बांधल्या. हवालदारानं पातेल्यांवर बदली दिली, पण दोनदा टोमणे मारून.

त्यानंतर तो कधी पडलाच नाही असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण खोटी होईल. चैत्रात मेव्हण्याच्या हळदीला तो परत प्याला. मात्र त्याच दिवशी दुपारी घरी येऊन त्यानं चांगुणाबाईला सांगितलं. तिनं तोंडाला येईल ते बोलून घेतलं, मग विचारलं, "जेवला हुता का न्हाई?" आणि ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाली मान घालून बसला होता. तोंडाची चव गेलेली, मनाची त्याहून. छबू फणी आणि रिबीन घेऊन आली आणि काही न विचारता त्याच्यापुढं पाठ करून बसली.

रंभाजीचे हात मांडीवरच राहिले.

"आबा, शाळा भरंल."

त्यानं हात उचलला. क्षणभर तो तिच्या डोक्यावर नुसताच ठेवला. केस ऊन लागून कोमट झाले होते. मग त्यानं भांग पाडला, पेड घातले. बोटं थरथरत होती. एक वेणी वर, एक खाली, आणि फुलाचं तर बोचकंच झालं.

"वाकडी झाली गं," तो म्हणाला.

छबूनं दोन्ही वेण्या चाचपून बघितल्या आणि दप्तर उचललं. "असू द्या की," ती म्हणाली. "उद्या परत घालायचीच हाय."