पाठीवरची राकिया

आमच्या निश शहरातल्या इस्पितळात सर्जरीच्या पोस्टिंगला आलेल्या विद्यार्थ्याला एकच काम असतं: जखम ताणून धरणारा आकडा हातात घेऊन खांबासारखं उभं राहायचं. टेबल मात्र लावलेलं असायचं प्रोफेसर चिर्कोविचांच्या उंचीचं, आणि प्रोफेसर माझ्या खांद्यालाही लागत नव्हते. पायाखाली पाट घेण्यात त्यांना कमीपणा वाटे. मी सहा फुटी. त्यामुळे मी आकडा धरायचे तो कमरेत मोडूनच.

"सर, पाठ दुखते," असं म्हणालेल्या एका मुलाला त्यांनी "मग त्वचारोगाकडे जा, तिथल्या खुर्च्या मऊ आहेत," म्हणून पोस्टिंगमधूनच हाकललं होतं. मला सर्जनच व्हायचं होतं. म्हणून तोंड बंद.

एका सकाळी मोजे घालायला वाकले आणि पाठीत उसण भरली. माझी किंकाळी ऐकून घरमालकीण स्तानोयका मावशी धावत आल्या.

"खिडकी उघडी टाकून झोपलीस ना, नेवेना? शिरलं वारं पाठीत!"

"मावशी, टेबल बुटकं आहे हो."

"टेबलाला कशाला नावं ठेवतेस? वारंच ते!"

आमच्याकडे माणूस आजारी पडतो तो फक्त वाऱ्याच्या झोताने. इतकी वर्षं वैद्यक शिकूनही मी मुकाट्याने खिडकी लावली. मावशींनी घरी गाळलेल्या राकियात, म्हणजे फळांच्या कडक दारूत, फडकं भिजवलं, वर मिरपूड पेरली, ते माझ्या पाठीवर थापलं, त्यावर कोबीचं पान ठेवलं आणि लोकरीची शाल करकचून आवळली.

"संध्याकाळच्या आत सोडलीस तर माझ्याशी गाठ आहे!"

त्या दिवशी ग्वोझदेन काकांच्या हर्नियाचं ऑपरेशन होतं. कंबरेखाली बधिर, वर ठणठणीत जागे आणि बडबडे. दिव्यांच्या उष्णतेने मी तापले, आणि माझ्या अंगातून राकियाचा घमघमाट सुटला.

प्रोफेसर थांबले. नाक फेंदारलं. "कोण पिऊन आलंय?"

सगळ्यांनी आधी भुलेच्या डॉक्टरांकडे पाहिलं. "मी फक्त रविवारी घेतो!" ते ओरडले.

मग सगळ्यांनी पेशंटकडे पाहिलं.

"मला कालपासून पाण्याचा थेंब नाही," काका कळवळले. मग त्यांनी खोल श्वास घेतला. "पण माल चांगला आहे. आलुबुखाऱ्याचा. मिरी कोणी घातली यात?"

"बघा, पारख किती आहे!" प्रोफेसर गरजले. "सिस्टर, बाहेर यांच्या बायकोला सांगा, नवरा पिऊन ऑपरेशनला आलाय."

"तिला नको!" काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "इस्टरला तिच्यासमोर शपथ घेतलीये हो मी. ती मला टाके घालण्याआधीच घरी नेईल!"

सिस्टर दाराकडे निघाल्या. मला दरदरून घाम फुटला, त्यामुळे वास आणखीच भडकला. बोलावं तर सर्जरी गेली, गप्प बसावं तर काका गेले.

"सर, ती राकिया माझी आहे," मी म्हणाले. "पोटात नाही. पाठीवर."



"कोबीचं पान लावलंस?" प्रोफेसरांनी विचारलं.

"लावलं, सर."

"मग नीट बांधलं नसेल."

"पान कशाला, डुकराची चरबी लावायची," काका टेबलावरून म्हणाले. भुलेच्या डॉक्टरांचा खाकी कागदावर भरवसा होता. माझ्या डोळ्यांदेखत तिघांची जुंपली, आणि मी तशीच वाकलेली.

"वाद घालू नका," शेवटी प्रोफेसर म्हणाले. "मुळात खिडकी उघडी ठेवून झोपली असेल."

तिथे माझं डोकं फिरलं.

"खिडकी नाही, सर! टेबल! टेबल तुमच्या उंचीचं आहे आणि मी नाहीये!"

सिस्टर दारातच थिजल्या. प्रोफेसरांचे कान लाल झाले. मी मनातल्या मनात त्वचारोगाच्या मऊ खुर्चीत जाऊन बसले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच पूर्ण वरपर्यंत पाहिलं.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "पाट आणा. माझ्यासाठी. आणि टेबल वर घ्या."

टेबल वर आलं. प्रोफेसर पाटावर चढले. मी आकडा न सोडता सावकाश ताठ झाले, आणि माझ्या पाठीतून असा काही कडाड आवाज निघाला की काकांनी दचकून मान उचलली.

"काय मोडलं हो माझं?"

"तुमचं काही नाही, काका," प्रोफेसर वरून म्हणाले. "पडून राहा. आमची डॉक्टरीण उभी राहिली."