सगुणा बाद

थळच्या मनुबाईचं घर चोराने लुटावं असं काही नव्हतं. तरी अठ्ठावन्न सालच्या पावसाळ्यानंतर तिच्या दाराला आतून सागवानी पायाचा टेकू असे. गुडघ्याखालचा सबंध पाय होता तो, पोटरी, घोटा, बोटंसुद्धा कोरलेली. मुश्ताक मास्तराने दोन वर्षं खपून तो बनवला होता, आणि जिच्यासाठी बनवला ती मनुबाईची लेक सगुणा खुशाल कुबडी काखेत मारून गावभर हिंडायची.

मुश्ताक थळचाच, नारळाचे व्यापारी बदरुद्दीन यांचा मुलगा. मुंबईच्या कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायचा आणि विद्यापीठासाठी प्रबंध लिहायचा. विषय, अधू माणसांचे खेळ. वरिष्ठ हसले होते. ‘‘विद्यापीठ आहे की जत्रा?’’ कुणी हसलं की मुश्ताक आणखी हट्टाला पेटायचा. सुट्टी मिळाली की घड्याळ आणि वही घेऊन तो गावी यायचा आणि किनाऱ्यावर पोरींना लंगडी घालायला लावायचा. धडधाकट पोरी साठ-सत्तर उड्यांत वाळूत बसायच्या. सगुणा तीनशेवर घाम पुसून विचारायची, ‘‘आजून घालू?’’ नवव्या वर्षी नांगराचा फाळ लागून तिचा डावा पाय गेला होता. दुसऱ्यांचा जो खेळ, ती तिची रोजची चाल होती.

माणसं फार शिकली की एक चूक हमखास करतात. समोरच्याला काय हवंय ते विचारायचं राहून जातं. मुश्ताकने पाय आणला, सगुणा चार पावलं चालली आणि तिने तो सोडून ठेवला. दाराला लावलेला पाय पाहून त्या दिवशी मुश्ताकला खरोखर वाईट वाटलं.

‘‘तुझ्यासाठी केला होता गं, सगुणा.’’

‘‘तुमचं लाकूड जड हाय, मुश्ताकभाय. आनि चालाया माजी कुबडी हाय की. मला खेलायचं हाय.’’

तेच तर अडलं होतं. आदल्या साली अलिबागला जिल्ह्याच्या लंगडीच्या सामन्यांत तिला मैदानाबाहेर काढलं होतं. उरणच्या संघाची पुढारी आवडाबाई, मिठागरात राबून खांदे कमावलेली बाई, कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, ‘‘आमचा उचललेला पाय टेकला का आमी बाद. हिला टेकाया पायच न्हाय. ही बाद व्हायाची कशी?’’ पंच कोंडाजी गुरुजींनी नियमांचं पुस्तक उलटंसुलटं पाहिलं. उचललेला पाय हवा, असंच त्यात होतं. सगुणा रेषेबाहेर बसून राहिली आणि दोन दिवस जेवली नाही.

सगुणाने हे सारं मुश्ताकला सांगितलं. मनुबाई उठली, तिने दाराचा पाय उचलून लेकीच्या मांडीवर आदळला आणि म्हणाली, ‘‘उचलाया पाय न्हाय म्हनून आडवलं ना? मंग घे हा आन उचलून धर!’’

मुश्ताक पोट धरून हसला. हसता हसता थांबला आणि वही उघडली. दोन वर्षं त्याने पाय जमिनीवर नीट कसा टेकेल याचा हिशेब केला होता. आता तो जमिनीपासून वर कसा राहील ते काढायचं होतं. सागवान बाद! कोळी जाळी तरंगत ठेवायला वापरतात ते पांगाऱ्याचं हलकं लाकूड त्याने आणलं, आतून पोखरलं, गुडघ्यावरून मांडीपर्यंत चामड्याचा पट्टा घेतला. चार महिन्यांत तीन पाय झाले. दर वेळी सगुणा उड्या घालायची आणि सांगायची, ‘‘तुमच्या लाकडाची टाच खाली वढते,’’ नाहीतर ‘‘तुमचं लाकूड चावतंय.’’ मुश्ताक मुकाट्याने तासायचा. एवढी कडक परीक्षक त्याला विद्यापीठातही भेटली नव्हती.

पुढल्या साली थळ आणि उरण पुन्हा समोरासमोर आले. कोंडाजी गुरुजींनी पाय वाकून पाहिला, टिचकी मारली आणि म्हणाले, ‘‘उचललेला पाय आहे. खेळू दे.’’

उरणच्या लंगडी घालणाऱ्यांनी थळच्या आठ जणी टिपल्या. थळच्या लंगडी घालणाऱ्या मात्र एकामागून एक बाद होत गेल्या, उरणच्या नऊ जणींतल्या टिपल्या गेल्या अवघ्या दोन. शेवटी सगुणा उतरली. पांगाऱ्याचा पाय मागे दुमडून ती अशी सुटली की उरणच्या बायांना चौकोन अपुरा पडला. तीन, चार, पाच. मनुबाई ओरडून ओरडून बसलेल्या घशाने नुसतेच हात हलवत होती. सहा. सात. दोघी उरल्या होत्या, त्यात एक आवडाबाई. आणखी एक टिपली की बरोबरी, दोघी टिपल्या की जिंकलं.

सगुणा आवडाबाईवर झेपावली आणि पट्ट्याची शिवण उसवली. पाय घसरला, लाकडी अंगठा मातीला लागला आणि पाय सुटून पडला.

एकच गलका झाला. ‘‘लाकूड पडलंय, पाय न्हाय!’’ थळवाले ओरडले. उरणवाले त्याहून मोठ्याने ओरडले. गुरुजींनी पुस्तक उघडलं, मिटलं आणि मुश्ताककडे पाहिलं. ‘‘मास्तर, तुम्ही बनवलात. हा पाय आहे की साधन?’’

प्रबंधात पानोपानी त्याने ‘साधन’च लिहिलं होतं. तो शब्द आता जिभेवर होता. म्हटला की सगुणाचा डाव चालू. त्याने तोंड उघडलं.

‘‘त्यांना काय इचारता, गुरुजी?’’ सगुणा एका पायावर ताठ उभी होती. धाप लागली होती, डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. ‘‘पाय माजा हाय. टेकला. मी बाद.’’

शिट्टी वाजली. थळ एका गुणाने हरलं. आवडाबाईने धावत जाऊन कुबडी आणली, सगुणाच्या काखेत दिली आणि सगळ्यांदेखत तिला कवटाळलं. मुश्ताकला आपलं गाव हरल्याचं दुःख व्हायला हवं होतं. त्याला इतका आनंद झाला होता की त्याची त्यालाच लाज वाटली.

मातीत पडलेला पाय त्याने उचलला, झटकला आणि बगलेत धरून निघाला. सगुणाने हात पुढे केला.

‘‘राहू दे, मी घेतो,’’ तो म्हणाला.

‘‘द्या इकडं,’’ सगुणा म्हणाली. ‘‘आपला पाय कुनी दुसऱ्याच्या काखेत देतं का?’’