सुबाहूचं झाड

मराठी की कोकणी यावरून गोव्यात घराघरांत जुंपली होती, सख्खे भाऊ एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जात होते, तेव्हा आमचे हे आणि बाबाजी भावजी एका बाकावर बसून एकाच किटलीतला चहा पीत होते. हे कोकणीवाले, भावजी मराठीवाले. चहा संपेपर्यंत वाद घालायचे आणि आपापल्या कामाला जायचे. पुढे राजभाषा ठरली, राज्य झालं, माणसं शांत झाली. मग हे दोघे भांडले. कशावरून, तर टीव्हीवरच्या कार्टूनवरून. ऐकणारे हसतात. पण हे ज्या बाईच्या घरात घडलं, तिला हसू यायला बराच काळ गेला.

आम्ही नार्व्याचे. हे, म्हणजे मधुकर, डिचोलीला एका शेतकी सोसायटीत कारकून, शिवाय नदीकाठी थोडं शेत. बाबाजी भावजी माझ्या माहेरच्या बाजूचे, पण ह्यांचे दोस्त म्हणून माझे भावजी, दोडामार्गाकडचे, खाणीवर ट्रक चालवणारे. रविवारी सकाळी ते पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव घेऊन यायचे, मी पातळ भाजी करायची आणि दोघे टीव्हीसमोर बसायचे. एकामागून एक दोन कार्टून लागायची. पहिलं परदेशी: नदीकाठचा एक मुलगा आणि त्याने पाळलेला ऊद, म्हणजे पाणमांजर, दोघेही हिंदीत बोलणारे. दुसरं आपल्याकडचं, वीर सुबाहू नावाच्या राजपुत्राचं. ज्या पोरांसाठी टीव्ही लावायचा ती केव्हाच अंगणात क्रिकेट खेळायला पळालेली असायची. हे दोन चाळिशीचे बाप्ये मात्र जागचे हलत नसत.

ह्यांचा जीव त्या उदावर. आमच्या नदीत ऊद आहेत, शेताच्या बांधावरून हे त्यांना लहानपणापासून बघत आलेत. चित्रातला ऊद पाण्यात शिरला की पाणी दोन्ही बाजूंना कसं सरतं आणि शेपूट सगळ्यात शेवटी कसं बुडतं, हे मला हाताने करून दाखवायचे, तेही मी फोडणी देत असताना. ज्याने हे काढलं तो महिनोन् महिने नदीकाठी बसला असणार, असं ह्यांचं मत. भावजींची उदाबद्दल तक्रार नव्हती. त्यांना त्या मुलाचे डोळे सोसत नसत. बशीएवढे डोळे आणि नाकाच्या जागी एक टिंब, असला माणूस कुठल्या गावात जन्मतो, असं ते विचारायचे. सुबाहू कसा, सरळ नाक, पिळदार मिशी, आणि तो आवाज. सुबाहू बोलायला लागला की भावजी हातातला उंडा बशीत ठेवून ऐकत.

आवाज खरोखरच चांगला होता. पण सुबाहूला हलायचा कंटाळा. लांबलचक भाषणात त्याचे फक्त ओठ हलायचे, बाकीचा सुबाहू जसाच्या तसा. घोड्यावर बसला की घोडा जागच्या जागी पाय हलवायचा आणि मागून झाडं सरकायची. त्यात वाकड्या फांदीचं एक झाड होतं, ते पुन्हा पुन्हा यायचं. हे मलाही दिसत होतं, पण मी कधी बोलले नाही. रविवारची भाजी गोडीने संपावी एवढीच माझी अपेक्षा.

आता नाटकाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावदेवीच्या वर्धापन दिनाला आम्ही नाटक करतो. दरवर्षी तेच, गावातल्याच एका जुन्या मास्तरांनी लिहिलेलं, राजा आणि त्याच्या सेनापतीचं. राजाची भूमिका माझ्या सासऱ्यांची, त्यांच्यानंतर ह्यांची. वर्षभर खताच्या पावत्या फाडणारा माणूस त्या एका दिवशी मुकुट घालतो आणि पुढे आठवडाभर माझ्याशी छातीतून बोलतो. ह्यांचं पाठांतर मात्र कच्चं, अगदी कणीक तिंबायच्या आधीच्या पिठासारखं. ते कोणाला कळत नसे, कारण विंगेत पुस्तक धरून भावजी असत. ट्रकवाल्याचा तो खर्जातला आवाज ते असा दाबून सोडायचे की तो फक्त ह्यांच्याच कानात जाई. आमच्याकडे प्रॉम्प्टरचं एक व्रत आहे. कोणाला किती वाक्यं पुरवली ते विंगेबाहेर बोलायचं नाही.

त्या रविवारी कृष्णनाथ मुकुट दुरुस्तीला न्यायला आला होता. हा नाटकात सेनापती, आणि राजा होण्याची इच्छा त्याने कधी लपवली नाही. मी त्यालाही बशी दिली. सुबाहू घोड्यावर बसला, वाकडं झाड आलं, गेलं, पुन्हा आलं.

"पळय, परतून तेंच झाड," हे टीव्हीकडे बोट करून म्हणाले. "आनी हाचें फकत तोंड हालता."

"मी रोज त्याच आंब्याखालसून ट्रक घेवन जातंय," भावजी म्हणाले. "मगे मी काय खोटो?"

इथे थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण ह्यांच्या अंगात परीक्षक संचारला होता. ज्यांना चित्र म्हणजे ट्रकाच्या पाठीवरचं कमळ एवढंच ठाऊक, त्यांनी उदाच्या कार्टूनला नावं ठेवू नयेत, असं हे बोलून गेले. भावजींच्या ट्रकावरचं कमळ भावजींनी स्वतः रंगवलं होतं. एक पाकळी जरा जाड झाली होती, ती ह्यांनीच दाखवली होती. भावजींनी बशी खाली ठेवली आणि कृष्णनाथाच्या देखत विचारलं, गेल्या वर्षी तिसऱ्या अंकात तुला वाक्यं कोणी दिली ते सांग. मग यंदा मी पुस्तक धरणार नाही म्हणून सांगितलं आणि चपला घालून निघून गेले.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. कृष्णनाथ चहा न संपवता सरळ मंडळाच्या अध्यक्षांकडे, शिवदास काकांकडे गेला. काकांनी निकाल दिला तो असा: यंदा राजा मधुकरच, पण प्रेक्षकांतून वाक्य आलं तर पुढच्या वर्षीपासून मुकुट कृष्णनाथाचा. प्रेक्षकांनाही ते नाटक अर्धंअधिक पाठ. नट अडला आणि विंगेच्या आधी लोकांनीच वाक्य सांगितलं की तो नट संपला, असं आमच्याकडे मानतात.

हे मुकाट्याने ऐकून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मला रागही आला आणि कीवही आली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, तशी गत. तो सुबाहू इथला नाही, तो ऊद इथला नाही, आणि माझ्या घरातलं खरंखुरं माणूस ताटावरून उठलेलं. मी दोघांकडेही मध्यस्थी करून पाहिली. हे म्हणाले, त्याने व्रत मोडलं, त्याने आधी बोलावं. भावजी म्हणाले, "वयनी, माज्या कमळार बोललो तो." दोघांचंही खरं होतं, त्यामुळे काही होण्यासारखं नव्हतं. शेवटी पुस्तक धरायला कोणी मिळेना, तेव्हा ते माझ्या हातात आलं. घरात जो माणूस माझं ऐकत नाही तो विंगेतून काय ऐकणार, असं मी सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले आणि पुस्तक माझ्याकडेच ठेवून गेले.

रात्री वीज जाते म्हणून नाटक संध्याकाळी उजेडातच ठेवलेलं. भावजी आले होते. नाटकाचे पेटारे दरवर्षी त्यांच्याच ट्रकातून येतात, आणि पेटारे आणणार नाही असं काही ते बोलले नव्हते. उतरवून झाल्यावर ते मंडपामागे विडी ओढत बसले. विंगेत एकदाही आले नाहीत. हे मुकुट घालून त्यांच्या शेजारून गेले तेव्हा दोघांनीही आभाळ कसं आहे ते पाहिलं.

पहिले दोन अंक मी कसे काढले ते माझं मला माहीत. तिसऱ्या अंकात हरलेला राजा रानात येतो, हाकलून दिलेल्या सेनापतीला परत बोलवायला. रानाचा पडदा आमच्याकडे एकच, त्यावर एकच मोठा वड. पहिल्या अंकात तो राजवाड्याची बाग असतो आणि दुसऱ्यात शत्रूचा मुलूख. हे त्या वडाखाली आले, तलवारीच्या मुठीवर हात ठेवला, तोंड उघडलं आणि थांबले.

मी वाक्य सांगितलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, घरात गॅस संपला म्हटल्यावर पाहतात तसं. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. कानात कापूस घातल्यासारखा माणूस. डोळे बशीएवढे झालेले, हात मुठीवर, अंग लाकूड, आणि फक्त ओठ हलतायत, त्यातून आवाज नाही. दोन्ही कार्टूनं एकाच माणसात उतरली होती. समोर कृष्णनाथ सेनापतीच्या वेशात उभा होता आणि त्याच्या मिशीखाली हसू फुटायला आलं होतं. पहिल्या रांगेत पार्वती काकी बसलेल्या. त्यांना सगळं नाटक पाठ. त्यांनी पदर सावरला आणि घसा खाकरला. मला रडूच आलं. सासऱ्यांचा मुकुट आता या बाईच्या एका खोकल्यावर जाणार होता.

मी मागे वळले. भावजी विंगेच्या तोंडाशी येऊन उभे होते, विडी विझलेली.

"भावजी," मी म्हणाले, "भांडण उद्या करा. आज तेवढं वाक्य द्या."

मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही, त्यांना गरजही नव्हती. पण त्या दिवशी त्यांना आवाज दाबता आला नाही. इतके दिवस आत साठलेला तो खर्ज पुरता बाहेर आला आणि मागच्या माडांपर्यंत ऐकू गेला:

"सेनापती, रागाच्या भरात मी नको ते बोललो. शब्द माझा चुकला. तुमच्यावाचून हे राज्य मला एकट्याला पेलत नाही. परत चला."

ह्यांचे ओठ बरोबर त्याच्यावर हलत होते. अंग हललं नाही, पापणी लवली नाही. ते कृष्णनाथाकडे बघतच नव्हते, मान विंगेकडे वळलेली होती आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. बोलता बोलता भावजींचाही आवाज 'परत चला'वर कापरा झाला. मग टाळ्या. पार्वती काकी खाकरायचं विसरून डोळे पुसत होत्या. कृष्णनाथाला नाटकाप्रमाणे राजाला मिठी मारावी लागली, ती त्याने मारली.

पडदा पडल्यावर तो मंडळाकडे गेला. राजाचा आवाज राजाचा नव्हता, अशी त्याची तक्रार. शिवदास काकांनी शांतपणे विचारलं, तोंड कोणाचं होतं? प्रेक्षकांतून वाक्य आलं का? मग मुकुट जिथे आहे तिथे राहील.

ती माफी कोणी कोणाची मागितली, हे अजून ठरलेलं नाही. तोंड ह्यांचं होतं, आवाज भावजींचा. हे म्हणतात त्याने मागितली, ते म्हणतात ह्याने मागितली. मी या वादात पडत नाही. विंगेत उभी राहून मी ती ऐकली आहे, ती दोघांची होती, आणि तशी सरळ मागायला सांगितली असती तर दोघांनीही जन्मात मागितली नसती.

रविवारी उंडे आले. मी भाजी वाढली. ऊद पाण्यात शिरला तेव्हा भावजी म्हणाले की जनावर बरं पोहतं. हे खूश झाले ते मला पाठीवरून कळलं. मग सुबाहू आला, घोड्यावर बसला, मागून झाडं सरकायला लागली. वाकडी फांदी आली, गेली, पुन्हा आली. मी भाजीचा डाव हातात धरून तशीच उभी राहिले. हे हातातल्या उंड्याकडे बघत राहिले.

"झाड तांच आसा रे," शेवटी भावजीच म्हणाले.

ह्यांनी उंडा मोडला आणि अर्धा त्यांच्या बशीत ठेवला.

"आसूं दी," हे म्हणाले. "झाडाची सावळी बरी आसा."