जपानी साहेब काय म्हणाले

अंबुबाईची दोन बोटं मशीनमध्ये गेली, त्याला तीन आठवडे झाले होते. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात कापड कापून कडा शिवणारं एक जपानी मशीन होतं, त्यावर ती सहा वर्षं काम करत होती. मॅनेजर बिराजदारांनी कागद तयार ठेवला होता : चालू मशीनचं झाकण उघडून हात घातला, चूक कामगाराची. उजव्या हाताला बँडेज असेल तर डाव्या हाताचा अंगठा चालेल, असा निरोप त्यांनी दोनदा खोलीवर पाठवला. अंबुबाईनं दोन्ही वेळा माणसाला दारातून परत लावलं.

राजनंदिनी तिच्याच खोलीत राहायची. मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळाची पोर. अंबुबाईनंच तिला कामाला लावलं होतं, म्हणून ती तिला मावशी म्हणायची. दोन वर्षांपासून ती मोबाइलवरच्या ॲपवर जपानी शिकत होती. मशीनवरच्या पिवळ्या स्टिकरवर काय लिहिलंय हे कुणालाच सांगता येईना, तिथून सुरुवात झाली. मग शहरातल्या सात रस्ता चौकातून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये कानात जपानी गाणी, आणि जेवणाच्या सुट्टीत लहान मुलांच्या गोष्टी, अक्षर अक्षर लावत. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, अगदी मराठीसारखं, हे कळल्यावर तिला ती भाषा परकी वाटेनाशी झाली. बाया तिला 'जपानची सून' म्हणायच्या. त्याचं तिला काही वाटत नसे.

वाटलं ते अजिंक्यचं. मालकांच्या या पुतण्यानं पुण्याला जपानीचा कोर्स केला होता. एकदा तिनं धीर करून त्याला एक वाक्य म्हणून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं. त्यानं ते ऑफिसातल्या चौघांसमोर पुन्हा म्हणायला लावलं. सगळे हसले. मोबाइलवर खेळून भाषा येत नसते, असं सांगून त्यानं तिला कामावर परत पाठवलं.

अपघातानंतर मशीन नीट चालेना, तेव्हा जपानहून इंजिनिअर आले. नाकामुरा नावाचे, साठीचे, मोजकं बोलणारे. दुभाषी म्हणून अजिंक्य होता आणि मशीन चालवून दाखवायला राजनंदिनीला उभं केलं होतं. नाकामुरांनी झाकण उघडलं, आत टॉर्च मारला. मग बोटानं दाखवत सावकाश बोलू लागले. झाकण उघडताच मशीन बंद करणारा जो स्विच असतो, तो तारेनं बांधून टाकला आहे. अशानं मशीन थांबणारच नाही. ही त्या बाईंची चूक नाही.

मधले चार शब्द राजनंदिनीच्या हातून निसटले, पण शेवटचं वाक्य तिला पुरतं कळलं.

अजिंक्य बिराजदारांकडे वळला. "सर म्हणतात, मशीनमध्ये दोष नाही. हात घातल्यावर असं होणारच."

राजनंदिनीचे कान तापले. इतका सरळ खोटेपणा, आणि तोही तिच्यापासून दोन हातांवर उभं राहून.

"त्यांनी असं न्हाय सांगितलं," ती म्हणाली.

बिराजदारांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. हिला गाणी ऐकून जपानी येतं, असं अजिंक्य हसत म्हणाला. ती हलली नाही. नाकामुरांकडे वळून जपानीत बोलली. वाक्य मोडकं होतं, पण आवाज चढलेला होता. जिची बोटं गेली ती माझी मावशी, तिची चूक नाही असं तुम्ही म्हणालात का, एवढंच तिनं विचारलं.

नाकामुरांनी आधी तिच्याकडे, मग अजिंक्यकडे पाहिलं आणि जपानीत 'हो' म्हणाले.

"काइते कुदासाई," ती म्हणाली. लिहून द्या.

अजिंक्य मध्ये पडून भराभरा काहीतरी समजावू लागला. नाकामुरांनी हात वर करून त्याला थांबवलं. रिपोर्टवर तारेचं चित्र काढलं, खाली जपानीत आणि इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, सही केली. राजनंदिनीनं सगळ्यांदेखत त्याचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं तिला बसमध्ये चढू दिलं नाही. यादीतून नाव काढलंय म्हणाला. ती तशीच खोलीवर आली. अंबुबाई एका हातानं पीठ मळत बसली होती. राजनंदिनीनं फोटो दाखवून ओळ न् ओळ मराठीत सांगितली. मावशी आता पाठीवरून हात फिरवेल, असं तिला वाटलं.

अंबुबाईनं परात बाजूला सारली. "जपानातनं माणूस आला तवा तुला कळलं व्हय, तार बांदलीया ते?"

राजनंदिनीनं फोन खाली ठेवला.

"कुंडलिक सुपरवायझरनं दिवाळीआदीच बांदली. मशीन सारकं थांबतंय, माल निघंना, म्हणून. तू हुतीस की तितं. चाळीस बाया हुत्या. तीन आठवडं झालं, एकीनं तरी मराठीत सांगितलं का, हिची चूक न्हाय म्हणून?"

ते खरं होतं. तार तिनं रोज पाहिली होती. कालपासूनचा सगळा राग आता तिच्याच अंगावर उलटला, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. ती उठली आणि खात्यातल्या बायांच्या घरी एकेक करून गेली. कुणी नवऱ्याचं नाव पुढे केलं, कुणी दार लावून घेतलं. गोजरबाई आणि आणखी दोघी तयार झाल्या. चौघींनी कामगार कार्यालयात जाऊन मराठीत जबाब दिले. सोबत नाकामुरांचा रिपोर्ट जोडला.

दोन महिन्यांनी कंपनीनं तो कागद मागे घेतला आणि अंबुबाईला पॅकिंगमध्ये परत घेतलं. कुंडलिकला मात्र काढून टाकलं. तार बांधायला त्याला ज्यांनी सगळ्या बायांदेखत सांगितलं होतं, ते बिराजदार आपल्याला काही माहीतच नव्हतं असं कामगार कार्यालयातल्या साहेबांपुढे शांतपणे म्हणाले. राजनंदिनी उभी राहिली आणि ते खोटं बोलत आहेत असं म्हणाली. तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

ती आता मोहोळकडच्या एका सूतगिरणीत जाते. बिराजदार अजून त्याच खुर्चीवर आहेत. कामगार कार्यालयातल्या तक्रारीच्या तारखा चालू आहेत, आणि प्रत्येक तारखेला ती रजा टाकून हजर असते.